इंग्लंडमधील खेड्याच्या शिवारात पायी फिरताना दुसऱ्याच्या शेतातून जाता येते का?

अंबाजोगाईकर गुरुजी

नमस्कार. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून गेली अकरा वर्षे रोज पहाटे घरापासून मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत चालत जाऊन परत येण्याचा माझा परिपाठ आहे. धाकटा मुलगा इंग्लंडमध्ये शेफील्डला नोकरी करतो. त्याने शहराच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, कॅसलटन नावाच्या खेड्यात घर भाड्याने घेतले असून मेअखेरीस आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहोत.

चालण्याची मला चिंता नाही; चिंता वाटांची आहे. मुलाने पाठविलेल्या चित्रफितीत पायवाट सरळ कुणाच्या तरी उभ्या पिकातून जाते, दगडी भिंत ओलांडते आणि मेंढ्यांच्या कुरणात शिरते. बांधाच्या वीतभर जागेवरून सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहत ज्याचे आयुष्य गेले, त्याला परक्या देशात परक्याच्या वावरात पाय ठेवण्याचा धीर कसा व्हावा? मुलगा म्हणतो, बिनधास्त जायचे. परंतु हा शब्द उच्चारणारी मुले वर्गात पुढे काय करीत, हे मला ठाऊक असल्याने इथे विचारतो आहे. हिच्या गुडघ्यांचा थोडा त्रास आहे, तेव्हा सोप्या वाटाही सांगाव्यात.

तेरणाकाठ

गुरुजी, मी शिक्षणासाठी शेफील्डला दोन वर्षे होतो आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी रेल्वेने होप स्थानकावर उतरून याच भागात हिंडलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या आठवड्यात काकूंना घेऊन कॅसलटन ते होप एवढेच जावे. गावातल्या गुहेतून उगम पावणाऱ्या पीक्सहोल वॉटर या ओढ्याच्या कडेकडेने, कुरणांतून जाणारी ही जवळजवळ सपाट वाट जेमतेम अडीच किलोमीटरची आहे. गुडघ्यांची परीक्षा चढाने होणार नाही, झालीच तर कुंपणांवर होईल. कारण तिकडे प्रत्येक भिंतीपाशी एक तर 'स्टाइल', म्हणजे भिंतीत बसविलेल्या दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात, किंवा माणूस वळून निसटू शकेल पण जनावर अडकेल असे अर्धगोल कठड्यातले फाटक असते. भिंती आपल्याकडच्या जुन्या पौळीसारख्याच, चुन्याविना दगडावर दगड रचून केलेल्या असतात, म्हणून पायऱ्या सोडून भिंतीवरून चढू नये. एक दगड निसटला की हातभर भिंत ढासळते.

दुसरी फेरी आपल्यासाठी. कॅसलटनहून माम टॉर हा 517 मीटरचा डोंगर चढावा, तिथून धारेवरून हॉलिन्स क्रॉस आणि बॅक टॉर करीत 476 मीटरच्या लूज हिलवर जावे, होपला उतरावे आणि ओढ्याच्या वाटेने घरी यावे. ही दहा-बारा किलोमीटरची फेरी होते. माम टॉर उंचीने आपल्या म्हैसमाळच्या निम्माच असला तरी धारेवरचा वारा उन्हाळ्यातही अंगातली ऊब काढून घेतो, म्हणून वाऱ्यापावसाचे जाकीट पिशवीत असू द्यावे. या डोंगराला 'थरथरणारा डोंगर' म्हणतात, कारण त्याची पूर्वेकडील बाजू वाळूखडक आणि ठिसूळ मृत्पाषाणाच्या थरांची असून सतत घसरत असते. त्याखालून जाणारा मोटाररस्ता वारंवार दुरुस्त करूनही टिकेना, तेव्हा 1979 मध्ये तो कायमचा बंद केला. तुटून वाकलेले डांबराचे थर आजही तसेच पडलेले आहेत. खरे सांगायचे, तर मला माथ्यापेक्षा तो मोडका रस्ताच अधिक आवडला.

हॉलिन्स क्रॉसवरून पलीकडे ईडेल गावात उतरणारी वाटही जुनी आहे. ईडेलला स्वतःचे चर्च नव्हते तोवर तिथले लोक प्रेते खांद्यावर घेऊन याच खिंडीतून कॅसलटनला येत, असे सांगतात. येताना ईडेलहून रेल्वेत बसले की पुढचेच स्थानक होप.

वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा नियम अजून वापरतात. ताशी 5 किलोमीटर आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास अधिक, असा तो आहे. त्या हिशेबाने मोठी फेरी तीन तासांत व्हायला हवी, पण तो हिशेब न थांबणाऱ्यांचा आहे. आपण पाच तास धरावेत. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही.

जरीब

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो असून कन्येकडे तिकडे तीन महिने राहिलो आहे. गुरुजींचा मूळ प्रश्न हक्काचा आहे आणि वरील उत्तरात तो राहून गेला, म्हणून लिहितो.

आपल्या गावनकाशावर पायमार्ग आणि गाडीमार्ग तुटक रेषांनी दाखविलेले असतात, तशाच त्यांच्याकडे वाटा नोंदलेल्या आहेत. 1949 च्या कायद्याने काउंटी परिषदांना आपापल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करणे बंधनकारक केले. त्या नकाशावर वाट आली की जमीन खाजगी असली तरी वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांचा, आणि तो हक्क मूळ मालकाने जमीन विकल्यानेही जात नाही. पिकातून जाणारी पायवाट शेतकऱ्याने पेरणीसाठी नांगरली, तर 14 दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून, किमान एक मीटर रुंद ठेवून, जमिनीवर स्पष्ट दिसेल अशी राखणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तेव्हा आपण चित्रफितीत पाहिलेली पिकातली पट्टी कुणाच्या उदारपणामुळे राहिलेली नसून कायद्यामुळे राहिलेली आहे.

आपल्याकडेही वहिवाटीचा रस्ता अडविल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण तिथे सारा खल शेतात जाण्या-येण्याच्या गरजेचा असतो. नुसते हिंडण्यासाठी कुणी पाणंद मोकळी करून मागितली, तर तलाठी त्याच्याकडे कसे पाहील, याची कल्पना गुरुजींना असेलच.

प्रत्यक्षात ओळखायचे असे: खांबावरचा पिवळा बाण पायवाटेचा, निळा बाण घोडा आणि सायकललाही मुभा असलेल्या वाटेचा. नकाशा घ्यावा तो ऑर्डनन्स सर्व्हेच्या 'एक्सप्लोरर' मालिकेतील 1:25,000 प्रमाणाचा. आपल्या भागासाठी त्याचा क्रमांक ओएल 1 आहे आणि त्यावर 4 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावरील हिरव्या तुटक रेषा हक्काच्या वाटांच्या आहेत. काळी तुटक रेषा मात्र केवळ जमिनीवर वाट दिसते एवढेच सांगते, हक्काची ग्वाही देत नाही. पहिल्या महिन्यात मी हा भेद न जाणता एका काळ्या रेषेने गेलो आणि थेट एका गोठ्याच्या अंगणात पोहोचलो. मालकाने रागावण्याऐवजी योग्य वाट दाखविली, परंतु मोजणी खात्यात 34 वर्षे काढलेल्या माणसाला नकाशा वाचता येऊ नये, याची लाज मला अजून वाटते.

आणखी एक. 2000 सालच्या कायद्याने डोंगरमाथे, माळराने आणि गायराने यांपैकी ठरावीक क्षेत्र वाट सोडूनही फिरण्यास खुले झाले आहे. नकाशावर ते फिकट पिवळसर रंगाने दाखवितात. शेतात मात्र वाटेवरच राहावे. ती जिथे तिरपी जाते तिथे तिरपेच जावे. सभ्यपणा म्हणून बांधाने वळसा घालाल, तर उलट हक्क नसलेल्या जागेवर जाल.

देवणीकर

वरील दोघांनी गाईंचा उल्लेख केला नाही, म्हणून आवर्जून लिहिते. देवणी आणि लालकंधारी जनावरांत वाढलेल्या आपल्या माणसांना गाईची भीती अशी नसतेच, आणि तिकडे नेमका तोच घोटाळा होतो. ती गुरे दावणीला नसतात आणि त्यांच्यापाशी गुराखीही नसतो. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीही जाऊ नये. वासरे असलेला कळप वाटेवरच बसला असेल, तर लांबून वळसा घ्यावा. अशा वेळी वाट सोडली तर कुणी दोष देत नाही. दहा महिन्यांवरील दुधाळ जातीचा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात मोकळा ठेवण्यास तिथे मनाई आहे. तरुण कालवडी मात्र निव्वळ कुतूहलाने मागे मागे येतात. पळू नये, सावकाश चालत राहावे. माझ्या सासूबाईंनी एका कालवडीला 'हैऽ' म्हणून दटावले, तेव्हा ती खरोखर थांबली, पण या उपायावर विसंबू नका!

अंबाजोगाईकर गुरुजी

तिघांचा मनापासून आभारी आहे. हिने तर पीक्सहोलची वाट आजच निश्चित करून टाकली. दोन शंका उरतात. वाटेतले फाटक उघडेच दिसले, तर ते लावून घ्यावे का? आणि डोंगरात पाय मुरगळला, तर काय करावे?

तेरणाकाठ

फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे. बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करावे. मुद्दाम सताड उघडून ठेवलेले असेल, तर पलीकडच्या मेंढ्यांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणूनही ते तसे असू शकते.

अडचण आल्यास 999 क्रमांकावर आधी पोलीस मागावेत आणि त्यांना 'माउंटन रेस्क्यू' हवे असल्याचे सांगावे. ही पथके स्वयंसेवकांची असून शुल्क घेत नाहीत. घळींमध्ये फोनला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून शिट्टी जवळ ठेवावी. मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणे, हा तिथला मदतीचा संकेत आहे. कागदी नकाशा मात्र चिरंजीवांच्या पिशवीत न देता स्वतःच्याच खिशात ठेवावा.