‘एन्फोर्समेंट’ला काय लिहायचं: सक्तवसुली, अंमलबजावणी की दरखास्त?

टेरीटॉवेल: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराचे कागद मराठीत करायलेय. परदेशी गिऱ्हाइकाशी पैशावरून वाद आहे. वकिलांच्या इंग्रजी टिपणात एकाच परिच्छेदात दोनदा ‘एन्फोर्समेंट’ आलंय. एकदा लंडनच्या हायकोर्टाच्या निकालाबद्दल, आणि एकदा तिथल्या नियामकाने लेबलावरून ठोठावलेल्या दंडाबद्दल. मी दोन्हीकडे ‘अंमलबजावणी’ ठेवलं होतं. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे ‘सक्तवसुली’ केलं. मालकांनी वाचलं आणि विचारलं, “म्हंजे ईडी येणार का आपल्याकडं?” काय लिहू? संध्याकाळी द्यायचंय.

शुद्धमती: सक्तवसुली ही वर्तमानपत्रांची करामत. ईडीचं खातं १९५६ साली परकीय चलनाच्या कायद्यासाठी निघालं. आज ते फेमा (परकीय चलनाचा) आणि पीएमएलए (काळ्या पैशाच्या व्यवहारांचा) हे कायदे बघतं. तपास करतं, मालमत्ता जप्त करतं, खटले भरतं. नुसती वसुली कुठाय त्यात? तसंही अंमल काय नि वसूल काय, दोन्ही अरबीच. हिंदीसारखं ‘प्रवर्तन’ घ्या आणि मोकळ्या व्हा.

बुधवारपेठी: प्रवर्तन म्हटलं की आमच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिन आठवतो. चांगल्या कामाची सुरुवात. दंडाच्या नोटिशीला कशाला चिकटवायलाय तो शब्द?

विजापूर वेस: कन्नड पेपरात ईडीला ‘जारि निर्देशनालय’ म्हणतात. जारी! वॉरंट जारी होतं, फर्मान जारी होतं. शेजाऱ्यांनी साधा शब्द उचलला आणि आपण सक्तीत अडकलो.

जुना नाझर: ताई, शब्दाआधी प्रकरण बघा, ही दोन वेगळी जनावरं आहेत. आपल्या कोर्टात डिक्री, म्हणजे हुकूमनामा झाल्यावर कोणी एन्फोर्समेंट म्हणत नाही. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करून द्या असा अर्ज, दाखल होते. फायलीवरच ‘रेग्युलर दरखास्त’ किंवा ‘स्पेशल दरखास्त’ आणि नंबर असतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्या ४४-अ कलमात ज्या देशांशी परस्पर व्यवस्था आहे त्यांच्या वरिष्ठ कोर्टांची पैशाची डिक्री थेट आपल्या जिल्हा न्यायालयात आणता येते, जणू इथंच झाली. कलम १३ चे आक्षेप घ्यायची मुभा राहते: त्या कोर्टाला अधिकारच नव्हता, फसवणुकीनं निकाल मिळवला वगैरे. इंग्लंड त्या यादीत आहे. दुबईवाले जानेवारी २०२० मध्ये आले. अमेरिका नाही, म्हणून न्यूयॉर्कचा निकाल असेल तर त्याच्या आधारावर इथं नवा दावा लावायचा, तोही तीन वर्षांच्या आत.

आता दंड. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कर, दंड, शास्ती यांची रक्कम सरळ वगळलीय. त्यामुळे लंडनच्या नियामकाचा दंड घेऊन ४४-अ खाली सोलापुरात दरखास्त चालायची नाही. लवादाचा निवाडाही त्यात येत नाही, त्याचा कायदा वेगळा. तुम्ही दोन्हीकडे एकच शब्द टाकला की मालकांना वाटणार, दोन्ही पैसे इथंच भरायचे.

शुद्धमती: काका, माहिती उत्तम. पण ‘दरखास्त’ फारसी! शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी?

जुना नाझर: बाई, उद्या कोर्टात ‘विनंतीपत्र’ म्हणून गेलात तर कारकून अर्जांच्या गठ्ठ्यात टाकील.

नळदुर्गकर: आमच्या आज्यांचा जमिनीचा दावा निजामाच्या कोर्टात होता, कागद सगळे उर्दूत. ते म्हणायचे, ‘हुक्म बजा लाना’. आपल्या ‘अंमलबजावणी’तली बजावणी तिथूनच आलेली. नळदुर्ग ते सोलापूर मोटारीनं तासाभराचं अंतर, पण निजामाच्या कोर्टाचा निकाल सोलापूरच्या कोर्टाला परक्या मुलखाचा. इकडं अक्कलकोट तर वेगळंच संस्थान. कर्ज बुडवलेला माणूस ‘हद्दीपार’ जायचा तो स्वतःहून, कोणी न घालवता! तुम्ही लंडन-दुबई म्हणायलाय, आमच्याकडं ते सोलापूरजवळच्या बोरामणीच्या पुढं सुरू व्हायचं.

हलगीसम्राट: बजावणी फारसी नाही हो. वाजवणे, बजावणे, सरळ आहे की! स्थावर जप्तीची दवंडी ढोल वाजवून द्यायची असं संहितेतच लिहिलंय, आदेश २१ नियम ५४. आपल्याकडं कोर्टाचा बेलीफ हलगीवाला घेऊन जायचा. वाजवली की बजावली. ‘बजावून सांगितलं’ म्हणतो ते काय मग?

नळदुर्गकर: मग समन्स बजावताना कुठली हलगी वाजते?

हलगीसम्राट: समन्स नंतर आलं असेल की बे.

विजापूर वेस: परदेशातून समन्स आलं तर कसं बजावतात? कुरिअरनं?

जुना नाझर: नाही. समन्स बजावण्याच्या १९६५ च्या हेग करारात आपण आहोत, पण टपालाच्या वाटेला भारताची हरकत आहे. दिल्लीत कायदा मंत्रालयामार्फत यावं लागतं. ताई, तुमच्या कारखानदाराला लंडनचं समन्स कसं मिळालं होतं ते आधी विचारा. शब्दापेक्षा ते महत्त्वाचं.

पद्मशाली: आमच्या घरी तेलुगू. तिथंही दावा, जप्तु, वसूलु. फारसीला शिव्या घालणाऱ्यांनी साखर पेठेत येऊन कोर्टाची एक गोष्ट फारसीशिवाय सांगून दाखवावी. चहा माझ्याकडनं.

शुद्धमती: चहा चिनी आहे, तेवढं लक्षात ठेवा.

टेरीटॉवेल: समन्सचं विचारलं. मालक म्हणाले, “पाकीट आलतं, ठेवलंय कुठंतरी.” वकिलांना फोन लावायलेत. निकालाला मी ‘हुकूमनाम्याची दरखास्त’ करतेय. दंडाचं मात्र अजून अडलंय. ‘दंडात्मक कारवाई’ चालेल?

बुधवारपेठी: दंड झाल्यावर परत दंडात्मक कारवाई म्हंजे दोनदा दंड वाटतो. ‘दंडवसुली’ करा.

शुद्धमती: वसुली आलीच शेवटी.

विजापूर वेस: नाझरकाका, त्या हलगीवाल्याचे पैसे कोण द्यायचं?

जुना नाझर: दरखास्तदार. आधी त्यानं भरायचे, मग देणेकऱ्याच्या नावे खर्चात लागायचे.

हलगीसम्राट: बघा, म्हंजे हलगी होती!