भूकंपाचा धडा पडलेल्या घरापासून सुरू करा

शाळेत भूकंप हा भूगोलाचा धडा, त्यात अभियांत्रिकी कुठे बसवायची, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते सुरुवात कवच-प्रावरणापासून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या थरांपासून, करूच नये, पडलेल्या घरापासून करावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसं गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घरांखाली. जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. हादऱ्याने भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटला.

हे वर्गात दाखवता येतं. ट्रेखाली गोट्या ठेवा, वर खडी आणि चिखलाच्या दोन छोट्या भिंती रचा. एकीत मधूनमधून दोन्ही थरांना बांधणारे, भिंतीच्या जाडीतून आरपार जाणारे लांब दगड घाला, दुसरीत नको. पुरत्या वाळल्या की ट्रे हलवा. (वाळवण्यात घाई नको, सगळा प्रयोग त्यावर आहे.) पुढची भिंत मुलांनीच आखावी, एका वेळी एकच बदल करून.

दहावीला मग कोयना घ्या: ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, धरणाला पडलेल्या भेगा, नंतर केलेलं मजबुतीकरण. जलाशयातल्या पाण्याचा खालच्या खडकावर काय परिणाम होतो, या चर्चेला मात्र दोन तासिका राखून ठेवा.