बासगोला वेळ द्याच
‘लडाखमध्ये आल्चीच्या बौद्ध मठाकडे जाताना बासगोचा किल्ला गाडीतूनच पाहा, नुसती पडझड आहे,’ असा सल्ला कुणीतरी दिलाय; तो मला मुळीच पटला नाही. लडाखचा बेत कित्येक वर्षं लांबत गेला होता. शेवटी गेलो आणि सर्वाधिक मनात भरलं ते हेच ठिकाण. लेहपासून ४० किलोमीटरवर. कच्च्या विटांचे बुरूज इतके ढासळलेत, की डोंगर कुठे संपतो नि तट कुठे सुरू होतो ते कळत नाही. सतराव्या शतकात तिबेटी-मंगोल फौजेचा तीन वर्षांचा वेढा सोसलेला हा किल्ला! किल्ल्यातल्या चंबा मंदिरात डोळे अंधाराला सरावले की मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, उंचच उंच मातीची मूर्ती आणि भिंतीभर चित्रं दिसू लागतात. गावकऱ्यांनीच इथली मंदिरं सावरली. २००७ साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. निदान दोन तास ठेवा, आणि तटावर कृपा करून चढू नका.