द.मा. मिरासदार गावातच राहिले असते तर?

पक्या_पारावरचा:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. मी तालुक्याच्या गावी राहतो, नोकरी सांभाळून विनोदी लिहितो, दोन दिवाळी अंकांत छापूनही आलंय (मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, तीही पोस्टात भिजलेली). सध्या परत द.मा., म्हणजे गावाकडच्या विनोदी कथा लिहिणारे मिरासदार, काढलेत वाचायला. जन्म अकलूजचा, १९२७ चा, शाळा अकलूज-पंढरपूरला, आणि मग पुणे ते पुणेच. म्हणजे त्यांच्या गोष्टींतलं ते भोकरवाडी गाव, तिथले नाना चेंगट, बाबू पैलवान हे सगळं पुण्यात बसून लिहिलं ना? मग आमच्यासारख्याला गाव सोडल्याशिवाय काही होणारच नाही का?

मास्तरीण:
पोटापाण्याचं म्हणत असाल तर द.मा. मास्तर होते हे विसरू नका. आधी शाळेत, मग गरवारे कॉलेजात मराठी शिकवायचे. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत, चिं.वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे. नुसत्या विनोदी कथांवर घर चालवलेला माणूस मला तरी पटकन आठवत नाही. आणि नोकरीतच तर माल मिळतो हो. परवा आमच्या एका पोराने गैरहजेरीचा अर्ज आणला, "म्हैस व्यायली, वडील घाबरले, सबब येऊ शकलो नाही." खाली वडिलांची सही, पोराच्याच अक्षरात. मी तो अर्ज जपून ठेवलाय, त्यात एक शब्द बदलायची माझी लायकी नाही.

टेपरेकॉर्डर:
तुम्ही दोघं कथाकथन विसरताय राव!! साठच्या दशकापासून माडगूळकर, शंकर पाटील आणि द.मा. हे तिघं गावोगाव फिरून गोष्टी सांगायचे, ना नाटक ना गाणं, एक माणूस उभा राहून गोष्ट सांगतोय आणि समोर अख्खं गाव. म्हणजे पुण्यात राहिले तरी गाव सुटलं नव्हतं, गावातलं ऐकणारं माणूस रोज समोर होतं. मामाकडे त्यांची कॅसेट होती, ती ऐकताना मला गोष्टीपेक्षा मधली थांबायची जागा आवडायची, लोकांचा हशा पूर्ण ओसरू द्यायचा आणि मग पुढचं वाक्य असं टाकायचं की जणू काही झालंच नाही. मामा त्या जागी दर वेळी आधीच हसायचा आणि मामी ओरडायची, आम्हाला ऐकू तरी द्या!

अजून एक, तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ अंबाजोगाई, पाटील १९८५ नांदेड, द.मा. १९९८ परळी. तिन्ही मराठवाड्यात. योगायोग असेल, पण मला बरं वाटतं.

उसाचा_फड:
थोडं वाकडं बोलतो. द.मां.च्या गावात सगळे बेरकी नाहीतर बावळट, दुष्काळ-कर्ज फारसं दिसतच नाही. शहरातल्या वाचकाला असं गाव सोयीचं पडतं. शंकर पाटील वाचा, हसता हसता घशात अडकतं.

मास्तरीण:
@उसाचा_फड पाटलांबद्दल मान्य. पण सगळ्यांनीच घशात अडकवायचं का? आणि बावळट कसले, चावडीवर बसून जगाच्या उलाढाली करणारी ती माणसं आपल्यापेक्षा हुशार आहेत, फक्त हुशारी भलत्या ठिकाणी खर्च करतात. आमचं शिक्षक पॅनेल अगदी तसंच आहे.

टेपरेकॉर्डर:
पक्याभाऊ, गाव सोडायचं नंतर बघा, आधी लिहिलेलं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. बायको-मित्र नको, ते भिडेखातर हसतात.

पक्या_पारावरचा:
सगळ्यांना धन्यवाद. कालच वडिलांना वाचून दाखवली नवीन गोष्ट. दुसऱ्या पानापर्यंत ठीक होतं, तिसऱ्याला घोरायला लागले. मी थांबलो तर डोळे न उघडता म्हणाले, "वाच की, कुठं थांबलास, त्या तलाठ्याचं काय झालं?" तलाठी पहिल्या पानावरच संपला होता. आता तिसरं पान फाडून तलाठ्याला परत आणतोय, दिवाळी अंकाची मुदत गेली तर गेली.