खोके नकोत, पैसे पाठवा

नाताळनिमित्त कॅम्पातल्या चर्चमधून जुन्या स्वेटरांचे खोके आफ्रिकेत पाठवायची सूचना आली आहे. नकोच. रवांडाचंच घ्या: तिथे वापरलेल्या कपड्यांवर जबर आयातशुल्क आहे, ते घेणाऱ्याच्या माथी बसतं. खोके पाठवायच्या भाड्यात तिथल्याच बाजारात शेळ्या येतील!

पैशांचं मात्र जपून. रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची एलआरएस सवलत (आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर) निवासी व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. म्हणून सगळ्यांची वर्गणी एकाच्या खात्यात गोळा करू नका. ज्याने त्याने आपल्या बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म देऊन, हेतू 'देणगी' लिहून, थेट तिथल्या मदतसंस्थेला पाठवावेत. पाचशे रुपयांसाठी हा खटाटोप परवडत नाही, बँकेचे आकारच त्याहून जास्त होतात. आणि परदेशी संस्थेच्या पावतीवर आयकरात देणगीची सूट मिळत नाही.