मदत हवी आहे: 'लाय'चा भूतकाळ 'ले', मग मूळ 'ले'चं काय?

आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचा तक्ता करतेय. गाडी 'लाय–ले–लेन' आणि 'ले–लेड–लेड' या जोडीवर अडलीय. (खोटं बोलणं म्हणजे 'लाय–लाइड–लाइड', ते नियमित आहे, त्याचा त्रास नाही.)

पहिलं अकर्मक, आडवं होणं किंवा पडून असणं. दुसऱ्याला कर्म लागतंच. आपल्याकडे निजणे–निजवणे, पडणे–पाडणे आहे तसंच. म्हणून 'द डॉग ले ऑन द मॅट' म्हणजे कुत्रा चटईवर पडला होता. 'शी लेड द बेबी ऑन द मॅट' म्हणजे तिने बाळाला निजवलं. 'ही ले' दिसलं की भूतकाळच, कारण वर्तमानात 'लेज' झालं असतं. पण 'दे ले'ला ही खूण नाही, तिथे कर्मच शोधावं लागतं.

मुलं हमखास 'आय लेड डाउन' लिहितात. त्यांचा फारसा दोष नाही: 'ले डाउन' भरभर म्हटलं की 'ड' मागे चिकटतो आणि 'लेड डाउन'च ऐकू येतं. शिवाय 'लेड'चं स्पेलिंग एल-ए-वाय-ई-डी करतात, हवं एल-ए-आय-डी.

आता अडचण. सकर्मक 'ले'ला 'निजवणे' सांगितलं तर अंडी आणि विटा कुठे बसवायच्या? कोंबडी अंडी घालते, गवंडी विटा रचतो, ताटं आपण मांडतो. या सगळ्यांना पुरेल असं एकच मराठी क्रियापद सुचतंय का? आणि 'हॅज लेन'साठी पुस्तकी न वाटणारं एखादं वाक्य?