मदत हवी आहे: मानसशास्त्राचे चौथे वर्ष करावे की तिसऱ्यानंतर बाहेर पडावे?

शेवंती_२०
नमस्कार. सहावे सत्र संपले असून सोमवारी दुपारपर्यंत विभागात अर्ज द्यायचा आहे. एक मॅडम म्हणतात, चौथे वर्ष करून संशोधनासह ऑनर्स घे. दुसऱ्या म्हणतात, तीन वर्षांची पदवी घेऊन सरळ एम.ए.ला जा. मला समुपदेशनातच काम करायचे आहे. चौथे वर्ष घ्यावे का, एवढेच सांगा. कृपया ‘मनाचे ऐका’ असे कोणी लिहू नये, कारण माझे मन तीन आठवडे दोन्ही बाजूंनी बोलत आहे.

चिंचेचा_पार
प्रश्नात अर्धीच माहिती आहे. महाविद्यालय स्वायत्त आहे का? मानसशास्त्र तुमचा मुख्य विषय आहे की गौण? सहा सत्रांचे मिळून गुण किती आहेत? राज्यात चार वर्षांची पदवी आणणारे नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षी लागू झाले, म्हणून विचारतो.

शेवंती_२०
स्वायत्त आहे. मानसशास्त्र मुख्यच असणार ना, नाहीतर इथे कशाला विचारले असते? गुणांचा याच्याशी काय संबंध, ते कळले नाही.

निवृत्त_मास्तर
मी अनेक वर्षे प्रात्यक्षिके घेतली आहेत, त्या अनुभवावरून चौथे वर्ष अवश्य करावे असे सांगतो. हल्ली मुले ‘माणसांशी बोलायला आवडते’ म्हणून हा विषय घेतात आणि प्रमाण विचलनासारखे संख्याशास्त्र समोर आले की गळपटतात. आरशातून तारा गिरवण्याचा प्रयोग तुम्ही केलाच असेल: दुहेरी रेषेचा तारा, हात झाकणारा पडदा, समोर आरसा आणि शेजारी थांबघड्याळ घेऊन बसलेला जोडीदार. पेन्सिल कोपऱ्यापाशी आली की हात हटकून उलट दिशेला जातो, आणि पाचसात प्रयत्नांनंतर तोच हात वळायला शिकतो. अध्ययन म्हणजे काय, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या वेड्यावाकड्या रेषांनी अधिक शिकवले. मात्र जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, मुले आकडे शेजाऱ्याचे उतरवतात आणि तोंडी परीक्षेत ‘स्वतंत्र चल कोणते?’, म्हणजे प्रयोगात आपण मुद्दाम काय बदलले, एवढे विचारले तरी खाली पाहतात. जर्मनीत लाइपझिगला १८७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी प्रयोगशाळा उभारली, ती गप्पा मारण्यासाठी नव्हे.

दर्याकिनारी
मास्तर, मुलीला समुपदेशन करायचे आहे, तारे गिरवायचे नाहीत. शेवंतीताई, तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडा, एखाद्या शाळेत नोकरी धरा आणि इग्नूतून दूरस्थ एम.ए. करा. माझ्या बहिणीने असेच केले आणि आज तिचे उत्तम चालले आहे.

चिंचेचा_पार
दर्याकिनारी, बहिणीने केव्हा केले, तेही लिहा. मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहेत. संलग्न आरोग्यसेवा (अलाइड हेल्थकेअर) व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा विषय येतो, असे त्याचे कारण दिले गेले. त्यामुळे नवा प्रवेश त्या मार्गाने मिळणार नाही.

दर्याकिनारी
बहिणीचे २०१९ मध्ये झाले. नियम बदलले असतील तर मागे घेतो. पण पदवीच्या कागदापेक्षा अनुभव मोठा, हे माझे मत कायम आहे.

निवृत्त_मास्तर
अनुभव कोणावर घ्यायचा? समोर बसलेल्या माणसावर? केवळ बी.ए.च्या बळावर कोणालाही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे निदान-उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्याही त्याच परिषदेकडे बोट दाखवते.

कागदी_होडी
तुम्ही मनुष्यबळ व्यवस्थापनाचा विचार केला आहे का? माझ्या भाच्याने मानसशास्त्रानंतर एम.बी.ए. केले. भरतीच्या वेळी बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व चाचण्या घेणे हे आता त्याचे रोजचे काम आहे.

शेवंती_२०
मला मनुष्यबळ व्यवस्थापन करायचे नाही. मुद्द्यावर यावे, ही विनंती. गुण विचारले होते म्हणून सांगते, सहा सत्रांचे मिळून ७१ टक्के आहेत. क्लिनिकलचा विचार सध्या नाही, पण पुढे तो रस्ता बंद व्हावा असेही वाटत नाही. आणि खरे सांगायचे तर संख्याशास्त्रात मी दुसऱ्या वर्षी एकदा नापास झाले होते.

चिंचेचा_पार
मग संशोधनासह ऑनर्सचा प्रश्न आपोआपच मिटला, कारण आयोगाच्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मॅडमनी हे आधी का सांगितले नाही, याचेच आश्चर्य वाटते. तुमच्यापुढे आता संशोधनाविना ऑनर्स किंवा तिसऱ्या वर्षानंतरची पदवी एवढेच राहते. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचे, चार वर्षांनंतर एका वर्षाचे. म्हणजे एकूण पाचच वर्षे. तेव्हा ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे, तिथे एका वर्षाचे एम.ए. मानसशास्त्रात प्रत्यक्ष सुरू होणार आहे का, हे आधी पाहा. क्लिनिकलसाठी पूर्वी दोन वर्षांच्या एम.ए.वर एम.फिल. ही पुढची पदवी करत, त्या एम.फिल.च्या प्रवेशाला आयोगाने २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली होती, त्यामुळे जुन्या सीनियर मंडळींचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. अर्ज देण्यापूर्वी विभागात आणखी एक विचारा: संशोधनाविना चौथे वर्ष तुमच्याकडे खरोखर चालणार आहे का?

निवृत्त_मास्तर
संख्याशास्त्रात नापास होण्याची लाज बाळगू नका. एम.ए.लाही ते आहेच, पण दहा विद्यार्थ्यांचे गुण घेऊन मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले ते) आणि सहसंबंध (दोन विषयांचे गुण किती जुळून बदलतात ते) कागदावर हाताने काढून पाहा. संगणकाचे बटण त्यानंतर दाबा. सूत्र पाठ करणाऱ्याला सहसंबंधातले वजा चिन्ह कळत नाही, हाताने काढणाऱ्याला कळते.

शेवंती_२०
आज सकाळी विभागात जाऊन विचारले. संशोधनाविना चौथ्या वर्षासाठी माझ्याआधी चारच अर्ज आले आहेत आणि एवढ्यांवर वर्ग सुरू होईल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून अर्ज दिला नाही. दोन वर्षांच्या एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. मास्तर, सहसंबंध काल हाताने काढला. उत्तर १.४ आले.

निवृत्त_मास्तर
ते एकाच्या वर जात नसते. आकड्याला त्याच आकड्याने गुणून वर्ग करायचा कुठे राहिला, ते पाहा आणि आकडे इथे टाका.